मेश्राम काकांचा क्लच

मेश्राम काकांकडे कुणीही मोटारसायकल घेऊन आलं, की ते आधी गाडीकडे बघत नसत. माणसाचा डावा हात मागत. तो तळहात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून एकेक बोट सरळ करत, अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहत आणि डोळे मिटून थोडा वेळ बसत. नवख्या माणसाला वाटे, हे आता भविष्य सांगणार. एकदोघांनी तर "पुरुषांचा उजवा बघतात ना?" अशी शंकाही काढली होती. त्यावर काका म्हणत, "नशीब पाहाचं असंन तं दुसरीकडं जा. मले क्लच पाहाचा हाये."

मी नागपुरात आलो तो औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून. नंदनवनात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली होती आणि दिवसभर धंतोलीत असे. धंतोलीत दर दहा पावलांवर दवाखाना आहे आणि प्रत्येक दवाखान्यापुढं आख्ख्या विदर्भातून आलेले पेशंट, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या गाड्या आणि त्या गाड्यांत अडकलेले आम्ही. तिथं मोटारसायकल चालवायची नसते, नुसती क्लचवर धरून ठेवायची असते. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या डाव्या हाताला शर्टाचं बटण लागत नसे.

एका रविवारी सकाळी मी फाटकाशी उभा राहून तो हात झटकत होतो, तेव्हा समोरच्या अंगणातून आवाज आला, "एमआर साहेब, गाडी घेऊन या इकडं. केव्हाचं पाहून राहिलो मी."

पांढरा सदरा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बसायला लाकडी पाट आणि पुढ्यात जुन्या टॉवेलवर ओळीनं मांडलेले लहानमोठे लोखंडी पाने. इतक्या सरळ ओळीत की मला ऑपरेशन थिएटर आठवलं. काकांनी आधी माझा हात पाहिला, मग क्लचची दांडी दोनदा दाबली आणि मान हलवली. "मेकॅनिकनं कसून ठेवला. जराशीही ढील नाई. त्याले वाटते, कसून टाकलं म्हनजे काम झालं." मग त्यांनी नट सैल केला, इंजिनाकडचा स्क्रू फिरवला, हँडलकडचा फिरवला, दांडीच्या बुडाशी रुपयाचं नाणं घालून फट मापली आणि पुन्हा नट आवळला. सगळं मिळून दहा मिनिटं. गाडीवर एक चक्कर मारून आलो. तीच गाडी आहे यावर विश्वास बसेना.

"तुम्ही घेऊन बघा ना एक चक्कर," मी म्हणालो.

"मी कायले घेऊ? गाडी तुमची, हात तुमचा. ट्रायल मालकानंच घ्याची. माह्या हातानं पाहाचं आन् तुमच्या हातानं चालवाचं, असं कुठी असते का?"

मला हे फार पटलं. त्या रात्री मी हे वाक्य माझ्या सेल्स मॅनेजरला फोनवर ऐकवलं, आणि पुढं एका मीटिंगमध्ये त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

काका एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. क्लचचं ज्ञान त्यांना हेडमास्तरांमुळं झालं. हेडमास्तरांच्या गाडीचा क्लच सारखा बिघडे, आणि शाळेत पाना धरता येणारा माणूस एकच होता. गाडीबरोबर मिळालेली इंग्रजी पुस्तिका काकांनी शब्दकोश घेऊन वाचून काढली आणि मग ती पाठच झाली. निवृत्तीनंतर रविवारचा दिवस त्यांनी कॉलनीला वाहिला. पैसे घेत नसत. मात्र काम होईपर्यंत समोर बसून ऐकावं लागे. "मेकॅनिक लोकायचं काय हाये, ते बहिरे असतेत. गाडी बोलून राहिली तं ऐकाचं नाई, हातोडा माराचा." किंवा, "क्लच बिघडत नाई, मानूस बिघडवते. दोन बोटं सदानकदा दांडीवर ठेवाची सवय. अरे, काम नाई तं हात काढ ना बाप्पा!"

मधूनच काकू चहा घेऊन येत. काकू ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि बोलणं एकदम कोरडं. काकांचं व्याख्यान रंगात आलं की त्या कप खाली ठेवता ठेवता म्हणत, "पिऊन घे बाबू. यायचं आयकता आयकता मी तीन कुकर लावले."

काकांची स्वतःची मोटारसायकलही होती. निवृत्तीच्या वेळी घेतलेली, काळी, पोर्चमध्ये जाड कापडाखाली उभी. दर रविवारी ते कापड काढून तिला पुसत, डबल स्टँडवर घेऊन सुरू करत, क्लच दाबत, पहिला गिअर टाकत. मागचं चाक हवेत गरगर फिरे. काका कान देऊन ऐकत, समाधानानं इंजिन बंद करत आणि कापड परत घालत. मग पिशवी घेऊन पायी भाजीला जात. लांब जायचं असलं तर ऑटो, नाहीतर सायकल. मी एकदा विचारलं, "काका, गाडी का नाही काढत?"

"नवी हाये ना गा अजून."

घेऊन सहा वर्षं झाली होती. कॉलनीनं आपापल्या परीनं याचा अर्थ लावला होता. कुणी म्हणे काका जपणूक करणारे आहेत, कुणी म्हणे पेट्रोलचा खर्च जड जातो. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिले उभ्यानंच म्हातारपन येऊन राहिलं." मीही माझा अर्थ लावला होता. ज्याला यंत्र इतकं कळतं त्याला ते वापरण्यात रस उरत नाही, असं काहीतरी. तेव्हा मी असले विचार करत असे.

मग तो मे महिन्यातला रविवार आला.

सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच फरशीवर पाय ठेवू देत नव्हतं. माझी गाडी काकांच्या अंगणात होती. तिची क्लचची केबल त्यांनी दोन्ही टोकांना सोडवली होती, वरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोन बांधला होता आणि त्यातून थेंब थेंब तेल आत उतरत होतं. या कामाला चाळीस मिनिटं लागतात आणि घाई करणाऱ्यानं ते करूच नये, असं काकांचं मत. काकू चहा घेऊन आल्या, ट्रे पायरीवर ठेवला आणि स्वतःही तिथंच बसल्या. त्या कधी अशा बसत नसत.

"काय झालं वं?" काकांनी विचारलं.

"काही नाई. पित्त झालं वाटते. जबडा दुखून राहिला."

त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो उन्हाचा नव्हता. डाव्या खांद्यावर त्यांनी उजवा हात दाबून धरला होता. हृदयविकाराची लक्षणं सांगणारी रंगीत घडीपत्रकं मी तीन वर्षं डॉक्टरांना वाटत होतो. जे डॉक्टरांना पाठ आहे तेच त्यांना वाचून दाखवायचे पैसे मला मिळत. ते सगळं घडीपत्रक त्या पायरीवर बसलं होतं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. येतो म्हणाले, पण वेळ लागेल. ऑटोच्या ॲपवर गोल गोल चक्र फिरत राहिलं. मी धंतोलीतल्या माझ्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांचा नंबर शोधता शोधता ओरडलो, "काका, तुमची गाडी काढा! काकूंना घेऊन निघा, मी डॉक्टरांशी बोलतो आणि मागून येतो!"

काकांनी कापड ओढून फेकलं. गाडी स्टँडवरून खाली घेतली, तिच्यावर बसले, एका बटणात सुरू केली. क्लच दाबला. पहिला गिअर पडला, तोही किती मऊ. आणि काका तसेच बसून राहिले.

डॉक्टरांचा फोन लागला, "लगेच आणा" म्हणाले, मी फोन खिशात घातला, तरी काका तिथंच. डावी मूठ आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. मग त्यांनी क्लच एकदम सोडला. गाडीनं कुत्र्यानं झेप घ्यावी तशी झेप घेतली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच.

"काका, हळू सोडा ना क्लच!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा घसरला होता. "सोडता येत नाई गा मले," ते म्हणाले. "मले चालवता येत नाई."

मला वाटलं, घाबरल्यामुळं असं म्हणताहेत. पण पायरीवरून काकूंचा आवाज आला. बारीक, पण नेहमीसारखाच कोरडा. "खरं हाये बाबू. तू बस समोर."

मी पुढं, मध्ये काकू, मागं काका त्यांना दोन्ही हातांनी धरून. अशी आमची तिघांची मिरवणूक निघाली. जगनाडे चौक गेला, रेशीमबागेच्या सिग्नलला थांबावं लागलं. समोर बस आडवी होती. मी अर्धवट क्लचवर गाडी पुढं पुढं सरकवत होतो. तेवढ्यात मागून काकांचा रडवेला आवाज आला, "हाफ क्लचवर नको ठेवू गा, प्लेटा जळतीन."

"गप बसा जी तुमी," काकू म्हणाल्या.

काकू बोलल्या म्हणजे जिवंत आहेत, एवढ्यावर मी सिग्नल तोडला. ज्या दाराबाहेर मी तीन वर्षं बॅग घेऊन तासन्‌तास उभा राहिलो होतो, त्या दारातून त्या दिवशी पहिल्यांदा न थांबता आत गेलो. डॉक्टरांनी मला ओळखलंसुद्धा नाही. फोनवर नाव ऐकून त्यांना दुसराच कुणी वाटला होता.

एक रक्तवाहिनी बंद पडली होती. ती उघडून स्टेंट बसवला. दुपारपर्यंत काकू सावरल्या होत्या आणि नर्सला "चादर सरळ टाक वं" असं सांगत होत्या.

काका बाहेरच्या बाकावर बसले होते. तळहातांना अजून माझ्या केबलचं तेल होतं. बराच वेळ ते तळहात एकमेकांवर घासत राहिले. मग म्हणाले, "शाळेत तीस वर्षं मी हेच केलं. सामान काढाचं, पुसाचं, प्रयोग मांडून द्याचा. बटन दाबाले साहेब येत. मले सवय झाली त्याची." आणि थोड्या वेळानं, "आज तिले काही झालं असतं नं..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी पण करू दिलं नाही.

खरी गोष्ट मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितली. काका औषधं आणायला खाली गेले होते. "लग्न झाल्यावर पयल्या दिवाळीले आमच्या गावी आले. माह्या भावानं नवी गाडी घेतली होती. हे म्हने, मी चालवून पाहतो. आख्खं गाव पाहाले उभं. यायनं क्लच सोडला आन् गाडी घेऊन सीधे शेनाच्या खड्ड्यात." काकू हसल्या आणि मग छातीवर हात ठेवून थांबल्या. "सारे हासले. मी पन हासली. बायको हासली, ते नाई विसरले हे. मंग मी ठरवलं, आता आपन कोनाले सांगाचं नाई. चाळीस वर्षं नाई सांगितलं."

काकू घरी आल्या, पण रविवार आले नाहीत. पाने टॉवेलात गुंडाळून फळीवर गेले. लोक गाड्या घेऊन येत आणि काका दारातूनच सांगत, "माह्यानं होत नाई आता." लोकांना वाटलं, काकूंच्या आजारपणामुळं. कॉलनीतले क्लच एकेक करून कडक व्हायला लागले. माझी गाडी तर केबल सुटलेल्या अवस्थेत त्यांच्याच अंगणात उभी होती आणि मी धंतोलीला ऑटोनं जात होतो. दुसऱ्या मेकॅनिककडं नेणं मला जमेना. शेवटी एका संध्याकाळी मी जाऊन म्हणालो, "काका, सौदा करू. तुम्ही माझी केबल बसवा, मी तुम्हाला गाडी शिकवतो."

"या वयात?"

"काकूंना दर महिन्याला तपासणीला न्यायचंय. दर वेळी मला शोधणार का?"

आतून काकू म्हणाल्या, "हव म्हना जी. यावेळी नाई हासत मी."

पहाटे साडेपाचला आम्ही मागच्या मैदानावर जायला लागलो. मी आयुष्यात इतका हुशार आणि इतका मठ्ठ विद्यार्थी पाहिलेला नाही. क्लच सोडताना आत कुठली प्लेट कुठल्या प्लेटला टेकते, हे काका मला सांगत. टेकते त्या क्षणी गाडी बंद पडे. "थेरी बरोबर हाये," ते म्हणत, "हातच आयकत नाई." पहिला आठवडा गाडी फक्त उड्या मारत होती. मैदानावर फिरायला येणारे चारपाच निवृत्त गृहस्थ थांबून सल्ले देत. त्यातल्या एकानं काकांना सांगितलं, "तुम्ही असं करा, नंदनवनात मेश्राम म्हणून एक आहेत, त्यांच्याकडून क्लच सेट करून घ्या." काका "हव, पाहतो" म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात ते दोनदा पडले. दोन्ही वेळा स्वतःच्या गुडघ्याआधी गाडीची दांडी वाकली का ते पाहिलं. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, काहीही कारण नसताना, गाडी सुटली. न बंद पडता, न उडी मारता ती निघाली आणि मैदानाला पूर्ण चक्कर मारून माझ्यापाशी आली. मला वाटलं काका आता रडतील किंवा मला मिठी मारतील. ते कपाळाला आठ्या घालून खाली उतरले.

"हा क्लच कोनं सेट केला बे? एकदम बेकार हाये. लई लांबून धरते."

"तुम्हीच केलाय, काका. सहा वर्षांपूर्वी."

ते दांडीकडं बघत राहिले. मग स्वतःचा डावा हात डोळ्यांपुढं धरून उलटा सुलटा करून पाहिला. खिशातून दहाचा पाना काढला आणि तिथंच मातीत उकिडवे बसून स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पुढच्या रविवारी टॉवेल पुन्हा अंगणात पसरला.

काका पहिल्यांदा कॉलनीतून गाडी चालवत गेले, तेव्हा मी मुद्दाम गॅलरीत उभा होतो. आज काहीतरी होणार होतं. काहीही झालं नाही. कुणाला आश्चर्यच वाटलं नाही. काकांना गाडी चालवता येते हे सगळ्यांना माहीतच होतं. शेजारचे पांडेजी फक्त एवढंच म्हणाले, "काकाजी, निकाली आखिर गाडी? संभाल के, नयी है."

तपासणीच्या दिवशी काका-काकू त्यांच्या गाडीवर आणि मी माझ्या गाडीवर मागोमाग. काकूंच्या मांडीवर रिपोर्टची फाइल, एक हात काकांच्या खांद्यावर. आमच्यामागं भोंग्यांची रांग लागली. एक भाजीची हातगाडी आम्हाला मागं टाकून गेली. वीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला.

डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "काय त्रास? छातीत धडधड वगैरे?"

"हव, डॉक्टर. आज सकाळपासून होऊन राहिली. लई."

डॉक्टरांनी ताबडतोब ईसीजी काढायला लावला. पट्टी अगदी नॉर्मल, साफ निघाली. ते ती पट्टी पुन्हा पुन्हा बघत होते. "धडधड नक्की कधी सुरू झाली?"

"यायच्या मांगं बसली तेव्हापासून," काकू म्हणाल्या. आणि मग साडीचा पदर नीट करत, डॉक्टरांना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात, "यायनंच आनलं मले."

काका भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं फार लक्ष देऊन बघत होते.

त्यानंतर दीड वर्षानं माझी बदली नाशिकला झाली. निघताना काकांनी माझी गाडी स्वतःहून मागून घेतली, माझा हात पाहिला आणि म्हणाले, "तिकडं चढाव हायेत म्हनते. जराशी ढील कमी ठेवली." फोन होत राहिले. दर फोनवर काका मला गाडीचं ॲव्हरेज सांगत आणि काकू काकांचं.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा एकटीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी विचारलं की शेवटी शेवटी गाडी चालवत होते का.

"परवापर्यंत चालवली ना बाबू. भाजीले बी गाडी, दवाखान्यात बी गाडी. मले घेऊन फुटाळ्याले गेले एकदा, तलाव पाहाले. पन चौथा गिअर कधी नाई टाकला त्यायनं. मी म्हनलं एकदा, टाकून तं पाहा, सारे मांगून पुढं चालले. तं म्हने, ज्याले कुठी जाचं हाये तो जाईन वं. आपन तं दोघंही इथंच हावो."